राणीनं कुठं पाहावं

पावसाळ्यात आमच्या साकोलीच्या दुकानात भिंतीला टेकून राजे-राण्या ओळीनं उभे असत, आणि त्यांतल्या एकालाही तोंड नसे. मखमली अंगरखे, शेले, मोत्यांच्या माळा, हातात गुलाबाचं फूल, सगळं जिथल्या तिथं. फक्त फेट्याखाली आणि पदराखाली पांढरा लंबगोल. पहिल्यांदा दुकानात आलेलं लहान मूल हमखास रडायचं. मोठी माणसंही जरा बिचकायची. एक एसटीचे कंडक्टर घरावरची पाटी रंगवून घ्यायला आले होते. ते म्हणाले, "पेंटरबाई, यायचे तोंडं कोनं पुसले जी?"

मी म्हटलं, "पुसले नाही जी. यायचे लगन जमाचे हायेत अजून."

धंदा असा होता. आमच्या भागात लग्नाच्या मांडवाच्या दाराशी नवरा-नवरीचं मोठं रंगवलेलं चित्र लावायची एके काळी फार हौस होती. तेही साधं चित्र नव्हे. राजा-राणीच्या वेशातलं आणि प्रेमाचं. बागेत दगडी बाकावर राजा बसला आहे, फूल पुढे करतो आहे, राणी हात पुढे करू की नको अशा बेतात आहे. किंवा महालाच्या गच्चीत ती उभी आणि तो खालून वर पाहतोय. किंवा तळ्यात नाव आणि नावेत दोघं. लग्न झालं की चित्र बहुधा मुलीच्या माहेरी राहायचं, पुढच्या खोलीत, देवाच्या किंवा बाबासाहेबांच्या फोटोशेजारी.

रंग पावसाळ्यात लवकर वाळत नाही, आणि गिऱ्हाईकही नसतं. म्हणून त्या दिवसांत आम्ही अंगं तयार करून ठेवायचो. लग्नसराई लागली की लोक दोन पासपोर्ट फोटो घेऊन यायचे आणि त्यावरून तोंडं भरायची. "आम्ही" म्हणजे आमचे पेंटर आणि मी. माझ्या नवऱ्याला मी पेंटरच म्हणते. सगळी साकोली म्हणायची, मी एकटी वेगळं काय म्हणू? बाग, महाल, अंग आणि तोंड त्यांचं. कपडे आणि दागिने माझे. माझी सासू म्हणायची, "हा माणसं पैदा करते आन् सून त्यायले कपडे घालते." लग्न होऊन आले तेव्हा मला रांगोळीपलीकडे काही येत नव्हतं. सगळं त्यांच्याशेजारी बसून शिकले.

बाहेरच्या माणसाला वाटतं की शालूवरची जर रंगवायची म्हणजे पिवळा रंग लावायचा. पिवळ्यानं जर होत नाही. आधी तपकिरी काळोख घालायचा, त्यावर पिवळ्याच्या तुटक रेघा, आणि शेवटी अगदी मोजक्या ठिकाणी पांढरा ठिपका. काळोख नसेल तर जर हळदीसारखी दिसते. मखमल उलटी असते. ती मधे गडद आणि कडेला उजळ. मोती म्हणजे करडा गोळा, वर एक पांढरा थेंब आणि खाली पुसट चंद्रकोर. आणि नथ! नथ डाव्या नाकपुडीत. राणी उजवा गाल दाखवून बसली तर नथ गेली, आणि नथ गेली की नवरीची आत्या मांडवात भांडण काढणार. म्हणून आमची राणी नेहमी चित्राच्या उजव्या हाताला बसायची, डावा गाल दाखवून. राजा डावीकडे.

आमच्या बौद्ध समाजातल्या लग्नांना मुकुट-नथ चालायची नाही. तिथं मौर्यकाळातला वेश. एका खांद्यावरचं वस्त्र, कमरेला पट्टा, मागे पिंपळ. ती चित्रं मला मनापासून आवडायची. त्यांत जर कमी आणि चुण्या जास्त. चुण्या जमल्या की खरं कपडे घातल्यासारखं वाटतं.

गिऱ्हाइकांचे नमुने तर विचारू नका. एका नवरदेवाला राजाच्या मनगटावर घड्याळ हवं होतं, कारण ते सासऱ्यानं दिलं होतं आणि सासरा मांडवात असणार होता. काढलं. मोत्याच्या पोचीशेजारी सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. एका ठिकाणी हळदीच्या आदल्या दिवशी लग्न मोडलं आणि त्याच महिन्यात दुसरीकडे जमलं. राणी तीच ठेवून आम्ही राजाचं तोंड बदलून दिलं. इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर चित्रासमोर उभे राहून म्हणाले, "अंगरखा उत्तरेकडचा, फेटा आपला, दागिने दक्षिणेतले, आणि हा महाल तर कुठंच नाही." खरं होतं. आमचं राज्य कोणत्याही इतिहासात सापडलं नसतं. मास्तरांनी तरी मुलीच्या लग्नाला त्याच राज्यातली जोडी नेली.

पण आमच्या धंद्याचं खरं दुखणं पोशाखात नव्हतं, नजरेत होतं. पासपोर्ट फोटोत माणूस समोर पाहतो. आता नवऱ्याचं तोंड समोर, नवरीचं तोंड समोर, आणि खाली अंगं एकमेकांकडे वळलेली. राजा फूल देतोय राणीला आणि पाहतोय वाढप्याकडे. पेंटरांना हे सहन व्हायचं नाही. ते म्हणायचे, "प्रेमाचं चित्र आणि दोघंही बिनओळखीचे?" त्यांना तोंड वळवता यायचं. ही सोपी गोष्ट नव्हे. समोरच्या फोटोत नाक किती उंच ते कळत नाही, हनुवटी पुढे की मागे ते कळत नाही. त्यासाठी त्यांनी एक रीत बसवली होती. मुलगी समोर यायला लाजत असेल तर तिच्या रक्ताच्या नातेवाइकाला बाजूनं बसवायचं. "नाक घराण्यात फिरते," ते म्हणायचे. नाक-हनुवटी भावा-बहिणीची घ्यायची, बाकी फोटोवरून.

त्यांनी अशी वळवलेली जोडी एकदा हौसेनं एका घरी दिली. नागझिऱ्याकडच्या गावातलं घर होतं. दुसऱ्या दिवशी नवरीची आई चित्र बैलगाडीत घालून परत घेऊन आली.

"काय जी पेंटर, माह्या पोरीचा एकच डोळा कायले काढला? तिले काय एकच हाये?"

"अवो मावशी, ती नवऱ्याकडं पाहून राहिली," पेंटर समजावू लागले.

"नवऱ्याकडं पाहाले तिले जलम पडला हाये. हे चित्र माह्या घरी राहीन. पोरगी गेल्यावर मी तिच्या एका कानाकडं पाहत बसू काय?"

आम्ही खूप हसलो. ती गेल्यावर पेंटर दिवसभर "एका कानाची राणी" म्हणत हसत होते. पण तोंड त्यांना समोर करून द्यावंच लागलं. त्यानंतर सगळ्यांनी तेच मागितलं. आमचे राजे-राण्या सगळा जन्म गिऱ्हाइकांकडे पाहत राहिले आणि पेंटरांची वळवायची विद्या तशीच पडून राहिली. याचा त्यांना सल होता. मलाही तेव्हा लोकांचंच अडाणीपण वाटायचं.

पुढे फ्लेक्स आलं. मग लग्नाआधी फोटो काढून घ्यायची टूम आली. नागपूरहून राजा-राणीचे कपडे भाड्यानं आणायचे, तलावाच्या पाळीवर उभं राहायचं आणि एकमेकांच्या डोळ्यांत पाहायचं. पेंटर म्हणाले, "पाय वो, जे आपल्याला करू दिलं नाही ते आता पैसे देऊन करून राहिले." तरी त्यांनी अंगं करणं सोडलं नाही. भातकापणीच्या दिवसांत त्यांनी एक जोडी काढायला घेतली. दगडी बाक, राजा, राणी. राजा पूर्ण राणीकडे वळलेला, हातात फूल. मी त्याला जांभळी मखमल घातली. राणीला हिरवा शालू नेसवला. आणि एके सकाळी पेंटर चहाचा कप उचलायला गेले तो हात उठलाच नाही. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं राहिलं. जोडी तशीच राहिली, बिनतोंडाची.

मी दुकान बंद केलं नाही. त्यांची खाट मागच्या कोपऱ्यात टाकली, कारण घरात एकटे पडून ते रडायचे. मी पाट्या रंगवायचे, गाड्यांवर नंबर टाकायचे. चित्राला हात लावत नव्हते. तोंड मी जन्मात कधी काढलं नव्हतं.

आणि मग मोतीराम आले.

सानगडीच्या पुढच्या गावातले धानाचे शेतकरी. साठीच्या आसपास, खांद्यावर दुपट्टा, बोलण्याआधी दोनदा खाकरायची सवय. त्यांनी खिशातून आधार कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. त्यावर एका बाईचा फोटो, तसल्या फोटोत सगळी माणसं दिसतात तसा, दचकलेला.

"माही बायको. मरून गेली. आता माधुरीचं, म्हंजे माह्या पोरीचं लगन हाये. मांडवाच्या दारात तिची माय पायजे."

"फोटो मोठा करून देतात जी आता. फ्लेक्सवाल्याकडं जा," मी म्हटलं.

"फोटो नाही. राजा-राणीचं काढा. तिचं आन् माहं. आमच्या लग्नात एकबी फोटो नाही निंगला." ते पुन्हा खाकरले. "पन तिनं माह्याकडं पायलं पायजे. समोर नको."

मी हातातला ब्रश खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे मागणारं पहिलं गिऱ्हाईक, आणि पेंटरांचा हात गेल्यावर आलेलं. कोपऱ्यातून पेंटर टक लावून पाहत होते.

मी विचारलं, "काहून जी? समोरच असते सगळ्यायचं."

मग ते बोलले. घरात सासू-सासरे होते तेव्हा ती नवऱ्याकडे वर डोळे करून पाहायची नाही, तशीच चाल होती. म्हातारा-म्हातारी गेली, पण सवय गेली नाही. जेवायला वाढताना ताटाकडे पाहायची. मग रोवण्याच्या दिवसांत तिला ताप आला. रोवणा म्हणजे आमच्याकडची धानाची लावणी. शेताच्या बांधीत चिखल तयार असतो, बाया बोलावलेल्या असतात, ती वेळ चुकली की हंगाम चुकला. रोवणा आटोपेपर्यंत ताप अंगावर काढला. भंडाऱ्याला नेलं तेव्हा उशीर झाला होता.

"दवाखान्यात ती दाराकडं तोंड करून पडली होती. मी भितीकडल्या बाजूनं बसलो होतो. मी म्हटलं, माधुरीची माय, इकडं पाय. नाही पायलं जी तिनं. तशीच गेली." दुपट्टा डोळ्याला लावून ते म्हणाले, "तुमीच सांगा पेंटरबाई. रागानंच गेली असन ना?"

मी पेंटरांकडे पाहिलं. त्यांनी डावा हात उचलून भिंतीकडे दाखवला. तिथं ती जोडी उभी होती, जांभळी मखमल आणि हिरवा शालू. मग अर्ध्या तोंडानं, एकेक अक्षर ओढत ते म्हणाले, "तू... काढ."

असं मी पहिलं तोंड काढायला घेतलं.

राजाचं त्यामानानं सोपं होतं. मोतीराम समोर होते, शिवाय त्यांचा तरुणपणचा एक फोटो मिळाला. त्यावरून मिशी काळी केली आणि गाल भरले. राणीसाठी मात्र बाजूनं बघायला कुणीतरी हवं होतं. माधुरी आली. साकोलीतच एका दुकानात कामाला होती, हुशार पोरगी. सगळे म्हणायचे, बाजूनं पाहिलं तर थेट आईच. मी तिला खिडकीशी बसवलं आणि दोन-तीन दुपारी मन लावून काम केलं. नाक उतरलं, हनुवटी उतरली. मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं होतं. तेवढ्यात मोतीराम आले. चित्रासमोर उभे राहिले आणि एकदम मागे सरले.

"अरे देवा! पेंटरबाई, हे तं माही पोरगी झाली!"

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून चित्रावर टाकला. मला पाताळात गडप व्हावंसं वाटलं. बाप फूल देतोय आणि लेक लाजतेय. नाकाच्या नादात हे माझ्या ध्यानातच आलं नाही. माधुरी खाली मान घालून रडायला लागली. पेंटर खाटेवर पडल्या पडल्या "छे, छे" करत होते. इतक्या वर्षांत हा घोळ त्यांच्या हातून कधी झाला नव्हता, कारण आधी कुणाच्या आईबापाचं चित्र आलंच नव्हतं. मी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन तोंड पुसलं. पुन्हा पांढरा लंबगोल.

डोळे पुसत माधुरीच म्हणाली, "मामाले बोलावते."

मोतीराम म्हणाले, "तो माह्या समोर बसन काय?"

हा मामा, देवराव, म्हणजे इंदूचा मोठा भाऊ. इंदू म्हणजे मोतीरामांची बायको. तिचं नाव मला तेव्हा कळलं, मोतीरामांनी ते एकदाही घेतलं नव्हतं. देवराव लाखांदूरकडे राहायचे. बहिणीच्या मयतीला त्यांनी साऱ्या गावासमोर विचारलं होतं, "रोवणा मोठा होता का माही बहीण?" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. भाचीच्या लग्नाला येणार होते, पण मोतीरामांच्या घरी पाणी पिणार नाही असं बजावून.

भाचीनं काय सांगितलं कोण जाणे, देवराव आले. उंचापुरा गडी, पांढरी भरघोस मिशी. मिशीखाली राणी शोधायची होती मला. दोन स्टुलं मांडली, एकावर देवराव, एकावर मोतीराम, मधे हातभर जागा. नजरेची रेघ जुळायला दोघं समोरासमोर हवेच होते. मी म्हटलं, "एकमेकायकडं पाहा." मोतीराम पाहायला लागले. देवराव छपराकडे.

"पाहुणे, नजर जराशी खाली."

देवरावांनी शटरकडे पाहिलं.

"तिकडं नाही जी. भाऊजीयकडं."

शेवटी त्यांनी पाहिलं. आधी नजर एवढी कडक होती की तशी राणी काढली असती तर राजा बाकावरून पळाला असता. मी नाकापासून सुरुवात केली. घरातलंच नाक ते, इंदूच्या फोटोत दबलेलं होतं तेच. मागून पेंटर अधूनमधून "हनु... वटी" म्हणायचे आणि मी ती जरा वर घ्यायचे. माणूस इतका वेळ दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांत कधी पाहत नाही. मोतीरामांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण मी हलू नका म्हटलं होतं म्हणून ते पुसत नव्हते.

"पुसा ना जी," देवराव एकदम म्हणाले. मग त्यांचाच आवाज फुटला. "भाऊजी, तिनं फोन केला होता मले दवाखान्यातून. म्हने, दादा, तू आला की त्यायच्यावर वरडशीन नको. मीच म्हटलं होतं त्यायले, रोवणा होऊ द्या म्हनून. म्हने, ते तं दोनदा गाडी घेऊन आले होते, मीच बसली नाही. मी आलो तं ती गेली होती. मंग मले कोनावर तरी वरडाचं होतं, भाऊजी."

मोतीरामांनी विचारलं, "मंग ते दाराकडं..."

"माही वाट पाहून राहिली होती ती. तुमाले कोनी बोलू नये म्हनून."

मी ब्रश थांबवला नाही. थांबवता आला नसता. देवरावांच्या डोळ्यांत त्या वेळी जे होतं ते मी राणीच्या डोळ्यांत घातलं. पाण्यासकट. मिशी तेवढी सोडली. काम झालं तेव्हा मी चित्र फिरवून पेंटरांना दाखवलं. ते खूप वेळ पाहत होते. "वळली," ते म्हणाले. माझ्या सगळ्या कामाला त्यांनी दिलेली एवढी एकच शाबासकी मला आठवते.

लग्नात ते चित्र मांडवाच्या दाराशी लागलं. म्हातारपणी काय चळ लागला, असं दबक्या आवाजात म्हणणारे होतेच. पण गावातली एक जख्ख म्हातारी काठी टेकत चित्राजवळ आली, डोळ्यांवर हात धरून तिनं पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "इंदू तं त्याच्याकडं पाहून राहिली वो!" देवरावांनी त्या मांडवात पाणीच नाही, जेवणही घेतलं, आणि ते मोतीरामांच्या पंक्तीला. इथं ही गोष्ट संपली असती तर मीही इतरांसारखी आमच्या धंद्याची थोरवी सांगून मोकळी झाले असते.

पाऊस सरता सरता मोतीराम चित्र चादरीत गुंडाळून परत घेऊन आले. खूप खंगले होते. पोर सासरी गेली, घरात एकटे. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "पेंटरबाई, राजाले पुसून टाका."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"ती त्याच्याकडं पाहते जी. त्या काळ्या मिशीवाल्या पोट्ट्याकडं. मी समोर खाटेवर बसून राहतो, मले तिचा कान दिसते." ते हसायचा प्रयत्न करत होते. "तो कायले पायजे तिथं? मी हाओ ना घरी."

मला त्या नागझिऱ्याकडच्या मावशीची आठवण झाली आणि तोंडात मारल्यासारखं झालं. एवढी वर्षं आम्ही तिला हसत होतो. चित्रातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहावं ही आमची, रंगवणाऱ्यांची हौस होती. ज्याच्या घरातून माणूस गेलेलं असतं त्याला ते माणूस आपल्याकडे पाहायला हवं असतं. हे त्या बाईला पुरतं कळलं होतं. ती बिचारी आपल्या बोलीत तेच सांगत होती आणि आम्ही तिला नावं ठेवत होतो.

पण तो राजा पेंटरांचा होता. त्यांनी काढलेलं शेवटचं अंग. खांद्याचा तो बाक, पुढे केलेला उजवा हात, बोटांत धरलेलं फूल. ज्या हातानं काढलं तो हात आता मांडीवर पडून असायचा. त्यावर मी रंग कसा फिरवायचा? मी मोतीरामांना म्हटलं, "यायले विचारा." आणि तोंड फिरवून उगाच डबे लावत बसले.

मोतीराम खाटेजवळ गेले आणि त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. पेंटरांनी चित्र जवळ आणायला खुणावलं. डाव्या हाताचं बोट त्यांनी राजाच्या खांद्यावरून, दंडावरून, फुलापर्यंत नेलं. मग माझ्याकडे पाहिलं. समोर, सरळ. आयुष्यभर आम्ही दोघं शेजारी-शेजारी बसून एकाच कापडाकडे पाहत आलो होतो. त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

"पुस... वो," ते म्हणाले.

राजा गेला. तिथं मी काही घातलं नाही. मागची बाग पुढे आणली आणि दगडी बाक रिकामा ठेवला. राणीचा हात मात्र तसाच राहिला, अर्धा पुढे आलेला. जुन्या चित्रावर रंग द्यायचा तर आधी सफेद्याचं जाड अस्तर द्यावं लागतं, नाहीतर काही वर्षांनी खालचा माणूस वर डोकावतो. हे मला पेंटरांनीच शिकवलं होतं. मी अस्तर दिलं नाही. हिरव्या रंगाचा एकच पातळ हात फिरवला. पेंटर पाहत होते.

त्यानंतर दुसऱ्या वर्षी पेंटर गेले. तेराव्याचं आमच्यात काही नसतं, पण पुण्यानुमोदनाला देवराव आणि मोतीराम दोघं एकाच मोटारसायकलवर आले होते. मग मी दुकान आवरायला काढलं. तयार असलेली अंगं ज्याला जशी हवी तशी त्यानं नेली. कुणी कुडाला लावली, कुणी ट्रॅक्टरवर झाकण घातलं. सगळं रिकामं झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की पेंटरांच्या हातचं माझ्याजवळ काहीच उरलं नाही. होतं ते सगळं लोकांच्या घरी. आणि शेवटचं होतं ते माझ्याच हिरव्या रंगाखाली.

उन्हाळ्यात एकदा एसटीनं सानगडीला उतरले आणि तिथून मोतीरामांच्या गावी गेले. न सांगता. त्यांनी चहा ठेवला, तुम्ही कशाला आलात असं विचारलं नाही. चित्र पुढच्या खोलीतल्या भिंतीवर होतं. मी समजले होते त्यांची खाट समोरच्या भिंतीशी असेल, चित्राकडे तोंड करून. ती तिथं नव्हती. चित्राच्याच भिंतीला लावलेली होती, डाव्या अंगाला, रिकाम्या बाकाच्या बाजूला. जिथं बसलं तर चित्र दिसत नाही, मान वळवावी लागते. पण राणी पाहते ती नेमकी तिकडे.

दाराचं ऊन तिरपं आत आलं होतं. मी चित्राजवळ गेले आणि हिरव्यात शोधू लागले. फेट्याची कड दिसली मला. खांद्याचा बाक अगदी पुसट, माहीत असणाऱ्यालाच दिसेल असा. फूल नव्हतं, की माझेच डोळे भरले होते, सांगता येत नाही. मी हात लावून पाहिलं. मग तिथंच खाटेच्या कडेवर टेकले.

मोतीराम चहाचा कप घेऊन आले, चित्राकडून पाहिलं तर माझ्या पलीकडे, उशाशी बसले. मग ते दोनदा खाकरले.

"बाई," ते संकोचत म्हणाले, "जराशा बाजूले सरका. तिले दिसू द्या."

मी सरकले.